पाव दिवसाचा हिशेब



आपल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते. त्याच्या चौकटींत आपण दुधाचे खाडे लिहितो, गॅसचा सिलिंडर कधी लावला ते लिहितो, वडिलांच्या पुण्यतिथीच्या मिस्साची तारीख लिहितो. फेब्रुवारीच्या पानावर तीन वर्षे अठ्ठावीस चौकटी असतात आणि चौथ्या वर्षी एक जास्त येते. मुले विचारतात, हा दिवस कुठून आला? आपण सांगतो, लीप वर्ष आहे. चारने भाग गेला की फेब्रुवारी एकोणतीसचा. उत्तर बरोबर आहे, मुलांना शाळेत गुणही मिळतात. पण या उत्तराच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो गणिताचा नसून नीतीचा आहे. जे पूर्ण भागत नाही, थोडेसे उरते, त्याचे काय करायचे? आजच्या अंकात आपण त्या प्रश्नाचा विचार करू या.

आधी हिशेब समजून घेऊ. ऋतुचक्राचे एक वर्ष पूर्ण व्हायला ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटे आणि सुमारे ४५ सेकंद लागतात. म्हणजे दिवसांच्या पूर्ण आकड्यात वर्ष बसत नाही. दरवर्षी जवळजवळ पाव दिवस उरतो. चार वर्षांत त्याचा जवळपास एक दिवस होतो. तो मोजलाच नाही तर शंभर वर्षांत सुमारे २४ दिवसांचा फरक पडतो आणि आपल्या पणतवंडांचा जून महिना पावसाआधीच संपून जातो.

यात देवाच्या निर्मितीत काही चुकले आहे असे नाही. पृथ्वी आपल्या गतीने फिरते, सूर्य आपल्या जागी आहे. पूर्णांकांचा हट्ट आपला आहे. माणसाला गोल आकडे आवडतात. दुकानदार वरचे आठ आणे सोडून देतो, बांधकामाचा हिशेब हजारात करतो, आणि त्याशिवाय व्यवहार चालत नाही हेही खरे. पण गोल आकडा ही आपली सोय आहे, ती वस्तुस्थिती नव्हे, हे विसरले की गडबड सुरू होते. संत थॉमस अक्वायनस यांनी सत्याचा विचार करताना सांगितले की आपल्या बुद्धीतले चित्र आणि वस्तू यांचा मेळ बसणे म्हणजे सत्य. या कसोटीवर दिनदर्शिकासुद्धा खरी किंवा खोटी ठरू शकते. सूर्याने तिच्याप्रमाणे चालायचे नसते. तिने सूर्याप्रमाणे चालायचे असते.

उरलेल्या पाव दिवसाशी माणूस निरनिराळ्या काळी निरनिराळ्या तऱ्हेने वागला. प्राचीन इजिप्तमध्ये तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच दिवस, असे ३६५ दिवसांचे वर्ष होते. उरलेला पाव दिवस कुणी मोजत नव्हते. परिणामी त्यांचे सण हळूहळू सगळ्या ऋतूंतून सरकत राहिले. इ. स. पूर्व २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याचा ठराव झाला, तो दगडावर कोरलाही गेला. पण लोकांनी तो पाळला नाही. जुनी सवय मोडत नाही, मग ती चुकीची का असेना.

रोममध्ये दुसरीच तऱ्हा होती. तेथे वर्ष ३५५ दिवसांचे होते आणि ऋतूंशी मेळ घालण्यासाठी अधूनमधून २२ किंवा २३ दिवस वाढवावे लागत. ते केव्हा वाढवायचे हे पुरोहितांचे मंडळ ठरवत असे. सत्तेवरचा माणूस आपला असला की वर्ष लांबवायचे, विरोधक असला की वाढीव दिवस घालायचेच नाहीत, असे प्रकार घडू लागले. ती पुरोहित मंडळी होती, हे आम्हां धर्मगुरूंनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. हिशेब ज्याच्या हाती असतो त्याच्या हाती मोह असतो.

तिसरी तऱ्हा आपल्या शेजारी आजही आहे. आपल्या हिंदू बांधवांच्या पंचांगात चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी कमी. ही तूट साचत जाते आणि साधारणपणे दर ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घेऊन ती भरून काढली जाते. त्यालाच धोंड्याचा महिना म्हणतात. ज्यू लोकांच्या पंचांगात एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात, म्हणूनच प्रभू येशूने शिष्यांबरोबर साजरा केलेला वल्हांडणाचा सण नेहमी वसंत ऋतूत येत असे. मुस्लिम बांधवांच्या दिनदर्शिकेत मात्र अधिक महिना नाही. रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. त्यांच्याकडून हिशेबात राहिलेली ती चूक नव्हे. चंद्राशीच इमान राखण्याचा त्यांचा तो जाणीवपूर्वक निर्णय आहे.

आपली दिनदर्शिका सूर्याशी इमान राखते. ज्युलियस सीझरने अलेक्झांड्रियाच्या सोसिजिनीस या विद्वानाचा सल्ला घेऊन रोमन वर्षाची घडी बसवली. मागची थकबाकी इतकी साचली होती की ती फेडण्यासाठी इ. स. पूर्व ४६ हे एक वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले. त्यानंतर नियम ठरला की वर्ष ३६५ दिवसांचे आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस अधिक. या नियमाचे मोठेपण त्यातल्या गणितापेक्षा त्याच्या ठरलेपणात आहे. उरलेल्या पाव दिवसाला दिनदर्शिकेत कायमची जागा मिळाली. आता कुणा पुरोहिताच्या लहरीवर, कुणा सत्ताधाऱ्याच्या सोयीवर तो अवलंबून राहिला नाही.

जागा मिळाली ती फेब्रुवारीत, कारण जुन्या रोमन गणनेत वर्ष मार्चपासून सुरू होई आणि फेब्रुवारी हा शेवटचा महिना होता. सुरुवातीला २९ हा आकडाही नव्हता. मार्चच्या पहिल्या तारखेच्या आधीचा सहावा दिवस, म्हणजे आपल्या हिशेबाने २४ फेब्रुवारी, दोनदा मोजला जाई. ख्रिस्तसभेच्या जुन्या दिनदर्शिकेत २४ फेब्रुवारीला प्रेषित संत मथियस यांचा सण होता आणि लीप वर्षात तो २५ तारखेला येई. १९६९ च्या सुधारणेत तो १४ मे रोजी नेण्यात आला. पण हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. यहुदाची जागा रिकामी झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकून निवडलेला प्रेषित तो मथियस. मागाहून आलेला, संख्या पूर्ण करणारा. तरी ख्रिस्तसभेने त्याला अर्धा प्रेषित म्हटले नाही. तो अकरांबरोबर पूर्ण बारावा झाला. मागाहून आलेल्यालाही पुरती जागा द्यावी लागते.

तरीही गोष्ट येथे संपली नाही. सीझरचा नियम चांगला असला तरी तो पाव दिवस पुरता सहा तासांचा धरत होता. खरा उरलेला भाग त्याहून सुमारे ११ मिनिटांनी कमी आहे. वर्षाला अकरा मिनिटे म्हणजे किती? आपण मिस्साला त्याहून उशिरा येतो! पण इ. स. ३२५ मध्ये निसियाची धर्मपरिषद झाली तेव्हा दिवस आणि रात्र समान असण्याचा वसंतातला दिवस २१ मार्चला येत असे. सोळाव्या शतकात तो ११ मार्चच्या सुमारास येऊ लागला. बाराशे वर्षांत अकरा-अकरा मिनिटांचे दहा दिवस झाले होते. पास्काचा सण २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी साजरा करायचा असतो. पायाच सरकला तर पुनरुत्थानाचा सणही जागचा हलणार. म्हणून लीप वर्षाचा प्रश्न ख्रिस्तसभेसाठी कोरड्या खगोलशास्त्राचा नव्हता. तो उपासनेचा प्रश्न होता.

पोप ग्रेगरी तेरावे यांनी यासाठी समिती नेमली. मूळ योजना लुईजी लिलियो या इटालियन वैद्याची होती. ती मंजूर झालेली पाहायला तो जगला नाही. येशूसंघीय गणिती फादर क्लाव्हियस यांनी ती तपासली आणि पुढे आयुष्यभर टीकाकारांना उत्तरे दिली. २४ फेब्रुवारी १५८२ रोजी पोप महोदयांनी आज्ञापत्र काढले. त्यानुसार शंभराने भाग जाणारे वर्ष लीप धरायचे नाही, पण चारशेने भाग गेला तर धरायचे. म्हणून १७००, १८०० आणि १९०० ही लीप वर्षे नव्हती, २००० होते, आणि २१०० नसेल. चारशे वर्षांत शंभराऐवजी सत्त्याण्णव लीप वर्षे. नियम, नियमाला अपवाद आणि अपवादाला अपवाद! पहिल्यांदा ऐकताना हा घोळ वाटतो, पण प्रत्येक अपवाद वस्तुस्थितीच्या आणखी जवळ नेणारा आहे. नियम मोडण्यासाठी काढलेला अपवाद वेगळा आणि नियमाचा हेतू राखण्यासाठी केलेला अपवाद वेगळा. शब्बाथ माणसासाठी आहे, ही प्रभू येशूची शिकवण आपल्याला माहीत आहे.

साचलेले दहा दिवस मात्र काढून टाकावे लागले. १५८२ साली गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर दुसऱ्या दिवशी शुक्रवार, १५ ऑक्टोबर आला. त्याच रात्री स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस येथे आविलाच्या संत तेरेजा यांनी देह ठेवला. त्यांचा सण आपण १५ ऑक्टोबरला का साजरा करतो, याचे मूळ या रात्रीत आहे. पोर्तुगालने ही सुधारणा लगेच स्वीकारली. आपली वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे गलबतांतून आज्ञा पोचल्यावर इकडेही नवी तारीख आली. इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत जुनीच गणना ठेवली. म्हणजे सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांकडे गेल्यानंतर माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला इंग्रजांच्या कचेरीत एक तारीख आणि उत्तरेला वांद्र्यात, वसईत पोर्तुगीजांकडे दहा दिवस पुढची तारीख, असा प्रकार होता. सूर्य मात्र दोन्हीकडे एकाच वेळी मावळत होता.

या सगळ्या इतिहासात आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट सहसा सांगितली जात नाही. दहा दिवस काढून टाकले की एक अडचण येते. ज्याला महिन्याचे किंवा वर्षाचे देणे द्यायचे आहे त्याची मुदत दहा दिवसांनी कमी होते. ऋणकोला कर्ज फेडायला, कुळाला खंड भरायला दहा दिवस कमी मिळतात. पोप ग्रेगरींच्या त्या आज्ञापत्रात याचा विचार केलेला आहे. दहा दिवस वगळल्यामुळे मासिक किंवा वार्षिक देण्याघेण्यात कुणाचे नुकसान होऊ नये, असा वाद आला तर न्यायाधीशांनी वगळलेले दिवस लक्षात घ्यावेत आणि मुदतीच्या शेवटी दहा दिवस वाढवून द्यावेत, अशी त्यात तरतूद आहे. आकाशातल्या सूर्याचा हिशेब जुळवताना जमिनीवरच्या देणेकऱ्याचा विसर पडला नाही. चूक दुरुस्त करायची, पण दुरुस्तीचा भार तिच्याशी संबंध नसलेल्या गरिबावर टाकायचा नाही. आपल्या लेखी ग्रेगोरियन दिनदर्शिकेची खरी ख्रिस्ती ओळख येथे आहे.

आता ही गोष्ट आपल्या घराकडे वळवू या.

काही जण विचारतात, महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या माणसाला २९ फेब्रुवारीचा पगार वेगळा मिळत नाही, हा अन्याय नव्हे का? प्रामाणिकपणे पाहिले तर हा अन्याय म्हणता येत नाही. एकतीस दिवसांच्या महिन्याला जो पगार तोच अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यालाही मिळतो. लांब-आखूड महिने वर्षभरात एकमेकांना सांभाळून घेतात, आणि दोन्ही बाजूंना हे आधीपासून माहीत असते. तेव्हा त्या एका दिवसावर भाषण करून आपले समाधान करून घेऊ नये. खरा उरलेला भाग दुसरीकडेच असतो, जेथे कुणी मोजत नाही तेथे.

आपल्या घरी धुणीभांडी करायला एक ताई येतात असे धरू. बोलणे एका तासाचे झाले आहे. निघताना आपण म्हणतो, “जाता जाता एवढे दोन टोप घासून टाका ना.” पंधरा मिनिटे जातात. त्या काही बोलत नाहीत आणि आपल्याही मनात पाप नसते. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ही पंधरा-पंधरा मिनिटे वर्षाला ७८ तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर जवळजवळ दहा दिवस. बाराशे वर्षांत अकरा मिनिटांचे जे दहा दिवस साचले, ते दुरुस्त करायला पोपना आज्ञापत्र काढावे लागले. आपल्या एका घरात तेवढेच दहा दिवस एका वर्षात साचतात. ते कुणाच्या कालनिर्णयावर लिहिलेले नसतात.

वाडीत काम करणाऱ्या गड्याचे, दुकानातल्या पोऱ्याचे, बांधकामावरच्या बिगाऱ्याचेही असेच. “उद्या देतो” म्हणून राहिलेले पन्नास रुपये आपल्या दृष्टीने किरकोळ असतात. त्याच्या दृष्टीने ते त्या दिवसाचे पीठमीठ असते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, ही जुन्या करारातील आज्ञा याच कारणासाठी आहे. रकमेपेक्षा ती रात्र महत्त्वाची आहे.

आपल्या गावांत बांध कोरणे हा शब्द सगळ्यांना कळतो. कुणी एका रात्रीत भावाची अर्धी वाडी गिळत नाही. दर पावसाळ्यापूर्वी बांध नीट करताना कुदळ थोडी पलीकडे पडते, इतकेच. वीतभर जागेसाठी कोण भांडणार? पण वीस वर्षांनी मोजणी येते तेव्हा दोन घरांतले बोलणे बंद झालेले असते, आणि मयताच्या दिवशीही एक घर दुसऱ्याच्या दारात येत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंना वाटते की भांडण मोजणीमुळे झाले. मोजणीने फक्त साचलेले दाखवले.

आणि सगळेच उरलेले भाग पैशात किंवा जमिनीत नसतात. परगावी, आखातात किंवा परदेशात असलेल्या मुलाने आईला फोन करायचा तो पुढच्या रविवारवर ढकलला. नवऱ्याने बायकोला म्हणायचे दोन कृतज्ञतेचे शब्द राहून गेले. सुनेने सासूला विचारायची चौकशी राहून गेली. त्या त्या दिवशी हा पाव दिवसच असतो. पुढे सगळे ऋतूच सरकलेले आढळतात. घरात सण येतो पण सणाचा काळ आलेला नसतो. घर तेच, माणसे तीच, पण एकमेकांच्या मनातले वसंत आणि पावसाळे जुळेनासे होतात.

म्हणून दिनदर्शिकेकडून पहिली शिकवण ही घ्यावी की उरलेल्या भागाला ठरलेली जागा हवी. मन होईल तेव्हा हिशेब करू असे म्हटले की आपण रोमच्या जुन्या पुरोहितांच्या मार्गाने जातो. सोयीचे तेवढे दुरुस्त करतो. फादर क्लाव्हियस ज्या संघाचे होते त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी रोज विवेकपरीक्षा करण्याचा आग्रह धरला. दिवसाच्या शेवटी थोडा वेळ थांबून आज काय मिळाले, काय चुकले, कुणाचे काय राहिले, हे देवासमोर पाहायचे. पापनिवेदनाच्या संस्कारालाही आपल्या वर्षात ठरलेली जागा असावी. मोठे पाप झाले तरच जायचे असे म्हणणारा माणूस अकरा मिनिटांकडे लक्ष न देणाऱ्यासारखा आहे.

दुसरी शिकवण याच्या उलट बाजूची आहे. सीझरचा नियम कमी भरण्यामुळे चुकला नव्हता, जास्त भरण्यामुळे चुकला होता. उरल्यापेक्षा अधिक दिवस त्यात मोजले जात होते. काही भाविकांचे असे होते. लहानसहान गोष्टी मनाला लावून घेतात, एकदा क्षमा झालेले पाप पुन्हा पुन्हा सांगतात, देव आपल्यावर रागावलेला आहे या भीतीने रात्री झोप येत नाही. त्यांना आम्ही प्रेमाने सांगतो की हिशेब वस्तुस्थितीला धरून हवा. नसलेले ऋण फेडत राहणे ही नम्रता नाही. ती देवाच्या क्षमेवर दाखवलेली शंका ठरते. चारशे वर्षांत तीन लीप दिवस सोडून देण्याची आज्ञा पोप महोदयांनी दिली, ती सत्यासाठीच. सोडून देणेही हिशेबातच येते.

येथे कुणी रास्त आक्षेप घेईल. ख्रिस्ती जीवन म्हणजे काय वाण्याची वही आहे? द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धन्याने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पुरती दिवसाची मजुरी दिली. नाक्यावर दिवसभर उभा राहून कुणी कामाला नेले नाही, अशा माणसाचे दुःख त्याने पाहिले. तेथे तास कुणी मोजले? मोजले ते सकाळपासून राबलेल्यांनी, आणि त्यांनाच धन्याचे बोलणे ऐकावे लागले. मग पंधरा मिनिटांचा आमचा हा हिशेब शुभवर्तमानाला धरून आहे का?

आमच्या मते आहे, पण एका अटीवर. त्या धन्याने पहाटेच्या मजुरांचे ठरलेले एक नाणेही बुडवले नव्हते. त्यांचे देणे पुरते दिले आणि मग आपल्या पदरचे दुसऱ्यांना अधिक दिले. मजुरांची चूक ही होती की दुसऱ्याला मिळालेले ते मोजत बसले. यावरून आपल्यासाठी साधा नियम निघतो. देणे मोजावे, येणे सोडावे. आपल्याकडून दुसऱ्याचे जे राहिले आहे ते मिनिटापर्यंत, वीतभर जागेपर्यंत मोजावे. दुसऱ्याकडून आपले जे राहिले आहे त्याच्या बाबतीत हात सैल ठेवावा. आपण बहुधा नेमके उलट करतो. भावाने आपला किती बांध कोरला ते पाठ असते, आपली कुदळ कुठे पडली ते आठवत नाही. न्याय आणि दया यांचे भांडण आहे असे वाटते ते या उलट्या मोजणीमुळे. देताना न्याय आणि घेताना दया, असे वागले तर दोघांना एका घरात राहता येते.

आता त्या जादा दिवसाविषयी. लीप वर्षामुळे कुणाचे आयुष्य वाढत नाही. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे लीप वर्ष नव्हते, त्यामुळे त्या तारखेचा पहिला वाढदिवस त्यांना थेट १९०४ मध्ये, आठव्या वर्षी मिळाला. चौकट नव्हती म्हणून त्यांचे वय काही थांबले नाही. संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या अकराव्या भागात काळ म्हणजे काय या प्रश्नाशी झुंज दिली, आणि काळाचे माप ते अखेर मनातच शोधतात. आठवण, सावधपणा आणि अपेक्षा या मनाच्या तीन कामांत. चौकटी आपण आखतो. त्यांत जो काळ वाहतो तो आपण निर्माण केलेला नाही. तो मिळालेला आहे.

म्हणून २९ फेब्रुवारी हा फुकट मिळालेला दिवस आहे असे म्हणताना थोडे थांबावे. तो चार वर्षे थोडाथोडा आपल्याजवळच होता, आपण तो मोजला नव्हता. कुणी लीप वर्ष अशुभ मानतात, आणि जास्तीचे काही आले की दुष्काळात तेरावा महिना म्हणण्याची आपल्याला सवय आहे. श्रद्धावंताने अशी भीती बाळगू नये. इंग्लंडमध्ये वूस्टरचे बिशप संत ओस्वाल्ड यांचे निधन २९ फेब्रुवारी ९९२ रोजी झाले. उपवासकाळात रोज गरिबांचे पाय धुण्याचा त्यांचा नेम होता आणि त्या दिवशी तो नेम करीत असतानाच त्यांनी प्राण सोडला. जादा दिवसाचे काय करावे याचे याहून चांगले उत्तर आम्हांला माहीत नाही. त्यांनी त्या दिवशी वेगळे काही केले नाही. रोजचेच केले, आणि ते दुसऱ्याच्या पायाशी बसून केले.

मागचे लीप वर्ष २०२४ चे होते. पुढचे २०२८ चे. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला येईल, राखेचा बुधवार १ मार्चला, आणि २९ फेब्रुवारी त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी. ख्रिस्तसभेच्या जागतिक उपासना दिनदर्शिकेत त्या तारखेला कुणाचा सण नेमलेला नाही. कपाळावर राख लावून घेण्यापूर्वी हिशेब पुरा करायला एक मोकळा दिवस!

पण तोवर थांबण्याचे कारण नाही. या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने रात्रीच्या रोझरीनंतर पाच मिनिटे एकत्र बसावे आणि एवढेच विचारावे: आपल्या घराकडून कुणाचा पाव दिवस राहिला आहे? कामाला येणाऱ्या ताईंचा, वाडीतल्या गड्याचा, बांधापलीकडच्या भावाचा, की आतल्या खोलीत पडून असलेल्या आजीचा? एक नाव ठरवावे. कालनिर्णयावर येत्या रविवारच्या आतली एक चौकट निवडून त्यात ते लिहावे, आणि त्या दिवशी जे द्यायचे ते द्यावे. पैसे असतील तर पैसे, वेळ असेल तर वेळ, माफी असेल तर माफी. मग रविवारी वेदीजवळ येताना आपल्या अर्पणात ते मिसळलेले असेल.

काळाचा धनी असलेला प्रभू आपल्या सर्व दिवसांना आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू